बावीस इंची फळी, तेरा इंची मशीन

जून २०२० मध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या दापोली तालुक्यात ज्यांच्या परसातला जुना फणस आडवा झाला, त्यांतल्या काहींनी तो जळणाला न घालता गिरणीवर नेला आणि दोन इंची फळ्या चिरून आणल्या. बुंध्यातली फळी वीस-बावीस इंच रुंद. पुढेमागे झोपाळा करू म्हणून ती माळ्यावर गेली. आमच्या घरीही हेच झालं. चार पावसाळे गेल्यावर फळी खाली उतरवली, वाडीतल्या सुतारकाकांना बोलावलं. त्यांनी फळीवरून तळवा फिरवला, टेप लावला आणि म्हणाले, "ही मशीनात जायची नाही रे. मधनं चिरू, दोन्ही भाग रंधून परत जोडू. सांधा दिसायचा नाही."

सांधा दिसतो. काकांनी जोडलेला सांधा शंभर माणसांनी झोके घेतले तरी सुटणार नाही, हे मलाही माहीत आहे. पण अखंड फळीवर बसायचं म्हणून तर ती एवढी वर्षं जपली. म्हणून हा लेख, ज्यांच्याकडे अशी एखादी रुंद फळी आहे, हाताशी थोडी हत्यारं आहेत आणि लाकूडकामाचा अनुभव बेताचाच आहे, त्यांच्यासाठी.

मशीन नाही म्हणते ते का

बाजारात सहज मिळणारा छोटा थिकनेस प्लॅनर साडेबारा-तेरा इंचांपर्यंतची फळी घेतो. सरफेस प्लॅनर, म्हणजे एक बाजू सपाट करायचं मशीन, सहा, आठ, फार तर बारा इंचांचा असतो. जुन्या मोठ्या वखारीत ओतीव लोखंडाचं १८ किंवा २४ इंची रंधा मशीन कधीकधी सापडतं. तालुक्याच्या गावात एक फेरी मारून चौकशी करायला हरकत नाही. मात्र मशीन सापडलं म्हणून प्रश्न सुटला असं समजू नका.

थिकनेस प्लॅनरचं काम दोन्ही बाजू समांतर करायचं आहे, फळी सरळ करायचं नाही. आतले रोलर पीळ पडलेल्या फळीला दाबून टेबलावर चपटी करतात, वरून पातं फिरतं, आणि फळी बाहेर पडली की पुन्हा आपल्या मूळ पिळावर जाते. वर गुळगुळीत, समांतर आणि तरीही वाकडी. म्हणजे रुंद मशीन असो नसो, निदान एक बाजू आपल्याला दुसऱ्या मार्गाने सपाट करावीच लागते. आणि एकदा ती करता आली की दुसरी बाजूही तशीच करता येते.

मग लाकूड पात्याखाली न्यायचा हट्ट सोडायचा. फळी जागेवर ठेवायची आणि पातं तिच्यावरून फिरवायचं. पूर्वी हेच करायचे. देवळाच्या दाराच्या फळ्या काही कुणी मशीनात घातल्या नव्हत्या.

आधी वाळू द्या

ओल्या फळीला रंधा मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आज सपाट केलेली फळी महिन्याभरात पुन्हा पन्हाळीसारखी होते. उघड्यावर सावलीत वाळवताना इंचाला एक वर्ष असा जुना अंदाज आहे, म्हणजे दोन इंची फळीला दोन वर्षं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर लाकूड वाळत नाही, उलट हवेतलं पाणी ओढून घेतं. तेव्हा मी आणखी एक वर्ष धरतो.

फळी चिरून आणल्याच्या दिवशीच दोन्ही टोकांना जाडसर ऑइल पेंट किंवा मेण लावायचं, कारण टोकातून पाणी भराभर उडतं आणि तिथूनच भेगा सुरू होतात. जमिनीपासून फूटभर वर, खाली एकसारख्या जाडीच्या इंचभर पट्ट्या दीड-दोन फुटांवर ठेवून त्यांवर फळी. अनेक फळ्या असतील तर प्रत्येक थरातल्या पट्ट्या एकाखाली एक आल्या पाहिजेत, नाहीतर फळीला तिथेच पोक येतं. सगळ्यात वर पाच-सहा चिरे. जांभ्याच्या चिऱ्याइतकं स्वस्त वजन दुसरीकडे कुठे मिळणार! पडवीत वारा खेळतो म्हणून पडवी चांगली, पण पागोळ्यांचे शिंतोडे येत नाहीत ना ते बघा.

वाळली की नाही हे कळायला पिनांचा ओलावा-मीटर मिळतो, पण तो पृष्ठभागाजवळचंच सांगतो. माझा भरवसा वजनकाट्यावर. त्याच खोडाचा दोन इंच जाडीचा एक तुकडा त्याच ठिकाणी ठेवायचा आणि दर पंधरा दिवसांनी तोलायचा. तीन-चार वेळा वजन हललं नाही की फळी त्या जागेच्या हवेशी जुळली. बंदिस्त खोलीत एअर कंडिशनर लावून ठेवणार नसाल तर त्यापेक्षा कोरडी ती आपल्याकडे होणारही नाही. किनाऱ्यावरच्या घरात लाकडातला ओलावा पावसाळ्यात साधारण १६ ते १८ टक्क्यांवर चढतो आणि थंडीत १२-१३ वर उतरतो. म्हणून सपाट करायचं काम दिवाळी ते शिमगा यादरम्यान काढा. श्रावणात काढलेली सपाटी पौषात राहत नाही.

फळी विकत घेणार असाल तर एक व्यवहाराची गोष्ट. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली फणस आणि आंबा अनुसूचित झाडांत येतात. परवानगीचे आणि वाहतुकीचे कागद विकणाऱ्याकडे आहेत का ते विचारा.

फळी वाचायची कशी

हत्यार उचलण्याआधी तासभर नुसतं बघायचं. नवशिक्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे वाचतो, आणि नेमकं हेच कुणी करत नाही.

पहिल्यांदा लोहचुंबक. बिघडलेल्या स्पीकरमधला चालतो. परसातल्या फणसाला कपड्यांच्या दोरीसाठी, गुरांच्या दाव्यासाठी कधी ना कधी खिळा ठोकलेला असतोच, आणि झाड तो पोटात घेऊन वाढतं. चुंबक दोरीला बांधून फळीवरून सावकाश फिरवा. जिथे ओढ लागेल तिथे खडूने गोल काढा आणि पटाशीने खणून खिळा काढा. मी पहिल्या वेळी हे केलं नाही. राउटरच्या (वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या मशीनच्या) नव्या बिटाचं एक पातं खिळ्यावर गेलं. आवाज अजून आठवतो.

मग कीड. कडेचा पांढरा भाग हा गाभ्याबाहेरचा, कोवळा. भुंगेरे आधी तो खातात. टाचणीएवढी भोकं आणि मैद्यासारखी भुकटी दिसली तर तो भाग कापून टाका. फणसाचा पिवळा गाभा बऱ्यापैकी टिकतो. आंब्याचं लाकूड मात्र सगळंच किडीला प्यारं, त्याला औषध मारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता आकार. फळीचे दोष मुख्यतः तीन. आडव्या अंगाने पन्हाळ पडते, लांबीत बाक येतो, आणि पीळ म्हणजे चार कोपरे एका पातळीत नसतात. पन्हाळ ओळखणं सोपं. टोकाकडून वर्षावलयांच्या कमानी बघा. सुकताना त्या कमानी सरळ व्हायला बघतात, म्हणून सालीकडची बाजू खोलगट होते आणि गाभ्याकडची फुगते.

पीळ डोळ्यांना सहसा दिसत नाही. त्यासाठी फळीच्या रुंदीपेक्षा लांब अशा दोन अगदी सरळ पट्ट्या घ्या. २२ इंची फळीला तीस इंचाचे ॲल्युमिनियम पाइपचे तुकडे उत्तम. एकाला काळी चिकटपट्टी लावा. एक पट्टी या टोकाला आडवी, दुसरी त्या टोकाला. चार पावलं मागे जाऊन वाका, एक डोळा मिटा आणि जवळच्या पट्टीच्या वरच्या कडेवरून लांबची बघा. दोन्ही कडा समांतर तर पीळ नाही. एका बाजूला लांबची पट्टी डोकावत असेल तर तो कोपरा वर आहे.

समजा फळी सपाट जमिनीवर ठेवल्यावर तीन कोपरे टेकतात आणि चौथा आठ मिलीमीटर वर राहतो. तशीच ठेवून वरून सपाट केली आणि मग उलटून दुसरी बाजू समांतर केली तर आठ मिलीमीटर जाडी जाते. तेच फळीला वर राहणारा कोपरा आणि त्याच्या तिरक्या समोरचा कोपरा यांखाली सारख्या पाचरी देऊन पीळ चारही कोपऱ्यांत वाटून टाकला, तर चार मिलीमीटरमध्ये भागतं. पाचरीच्या पाच मिनिटांत सव्वा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) लाकूड वाचलं. दोन इंची फळीतून दीड इंच जाडी सहज हाती लागते, आणि पावणेदोन मिळाली तर समजा हात साफ आहे.

हाताने, आडवा रंधा

एकच फळी करायची असेल, घाई नसेल आणि अंगात थोडा दम असेल तर मी हाच मार्ग सांगेन. लागतो तो चौदा इंची जॅक रंधा, जमलं तर बावीस इंची लांब रंधा, धार लावायचा दगड आणि न हलणारं टेबल. टेबल नसेल तर भिंतीला टेकवलेली जड बाकंही चालतात. फळी हलू नये म्हणून टोकाला आणि कडेला पातळ पट्ट्या खिळवून तिला अडकवायचं. पट्ट्या फळीच्या उंचीपेक्षा खाली हव्यात, नाहीतर रंधा त्यांवर आपटतो.

पुस्तकात रंधा लाकडाच्या रेषेच्या अंगाने मारायचा असं असतं. तो शेवटचा टप्पा. सुरुवातीला रंधा आडवा, रेषांना काटकोनात मारायचा. एक तर आडवं लाकूड कमी जोरात कापलं जातं, म्हणून जाड ढलपा काढता येतो. दुसरं, फणसाच्या रेषा थोड्याथोड्या अंतरावर दिशा बदलतात. उभा रंधा मारला तर एका पट्ट्यात मऊ चालतो आणि शेजारच्या पट्ट्यात लाकूड उपटून काढतो. आडव्याला तो त्रास नाही.

पात्याची धार दगडावर किंचित गोल करा, मधोमध पोट आणि दोन्ही कोपरे मिलीमीटरभर मागे. त्याने कोपऱ्यांचे चरे पडत नाहीत. पन्हाळीची फळी असेल तर फुगीर बाजू खाली ठेवा म्हणजे खोलगट बाजूच्या दोन्ही कडा वर येतात. खाली पाचरी घट्ट बसवा. आधी वर आलेल्या कडा आणि पिळाचे उंच कोपरे यांवरच रंधा मारायचा, मधल्या भागाला हातही लावायचा नाही. समोरची कड फुटू नये म्हणून तिला आधी ४५ अंशांत थोडी छाट द्या.

उंच जागा ओळखायला पेन्सिलने सगळ्या फळीवर जाळी काढा. रंधा जिथे लागला तिथली जाळी जाते, जिथे उरली तिथे खोलगट आहे. दर पाच-सात मिनिटांनी पट्ट्या ठेवून पीळ तपासा आणि गवंड्याकडची लांब ॲल्युमिनियम पट्टी फळीवर उभी, आडवी, तिरकी ठेवून खालून उजेड येतो का ते बघा. जाळी सगळीकडून गेली की रंधा ४५ अंशांत तिरका मारा, मग उलट्या तिरक्या दिशेने, आणि सगळ्यात शेवटी उभा. उभा मारताना पातं केसभरच बाहेर हवं आणि धार नुकती लावलेली.

सहा फूट बाय बावीस इंचांच्या एका बाजूला मला एक पूर्ण सकाळ लागली आणि दुसऱ्या दिवशी खांदा धरला. काकांनी दुसरी बाजू दोन तासांत केली, मध्ये दोनदा चहा घेऊन.

इथेच हातातल्या इलेक्ट्रिक रंध्याचं सांगून टाकतो, कारण आता प्रत्येक सुताराकडे तो असतो. त्याची रुंदी ८२ मिलीमीटर. आडवा-तिरका चालवून उंच भाग भराभर उतरवायला तो छान. पण त्याने शेवटची सपाटी काढायला जाऊ नका, दर पट्ट्याच्या कडेला पायरी राहते. एका वेळी मिलीमीटरभरच. दोन्ही हात मशीनवर. आणि बटण सोडल्यावर पातं काही क्षण फिरत राहतं, तेव्हा लगेच फळीवर किंवा मांडीवर ठेवू नका. हे हसण्यावारी नेऊ नका.

राउटरची गाडी

एकाहून जास्त फळ्या असतील, किंवा फळीत गाठी आणि उलट्या रेषा भरपूर असतील तर राउटरची गाडी करा. तत्त्व असं: फळीच्या दोन्ही बाजूंना एका पातळीत दोन सरळ रूळ, त्यांवर आडवी सरकणारी एक लांब पेटी, पेटीच्या तळाला लांब खाच, खाचेतून खाली आलेलं राउटरचं बिट. रूळ ज्या पातळीत, त्याच पातळीत फळी कापली जाते. फळी कितीही रुंद असो, पेटी तेवढी लांब करायची.

पाया म्हणून १८ मिमी प्लायचा फळीपेक्षा मोठा तुकडा, न डगमगणाऱ्या टेबलावर. रुळांसाठी दोन बाय एक इंची ॲल्युमिनियम सेक्शन किंवा लोखंडी चौकोनी पाइप घ्या. दुकानात डोळ्यासमोर धरून सरळ बघूनच घ्या, वाकडा रूळ म्हणजे वाकडी फळी. लाकडाचे रूळ करू नका, आपल्या हवेत ते पाहुण्यासारखे दोन दिवस सरळ वागतात. उंची अशी ठेवा की रूळ फळीच्या सर्वांत उंच ठिकाणाहून अर्धा इंच वर असतील.

दोन्ही रूळ एका पातळीत आहेत का हे तपासायला गवंड्याची युक्ती. रुळांच्या वरच्या कडांवरून तिरक्या दोन दोऱ्या ताणून बांधा, फुलीसारख्या. मधोमध त्या एकमेकींना नुसत्या टेकल्या पाहिजेत. एक दुसरीला दाबत असेल किंवा फट असेल तर कुठला तरी कोपरा वरखाली आहे. खाली पत्त्याचे तुकडे सरकवून दुरुस्त करा. या एका गोष्टीवर पंधरा मिनिटं घालवा. पुढचं सगळं काम हिच्यावर उभं आहे.

पेटी १८ मिमी प्लायचीच. लांबी म्हणजे फळीची रुंदी, दोन्ही बाजूंचे रूळ, शिवाय दोन्हीकडे राउटरच्या तळाएवढी जागा. २२ इंची फळीला साधारण चाळीस-बेचाळीस इंच. दोन्ही लांब कडांना तीन इंच उंच पट्ट्या उभ्या स्क्रूने घट्ट बसवा, त्यांच्यामध्ये राउटरचा तळ हलणार नाही पण सरकेल इतकीच जागा. उभ्या पट्ट्या नसतील तर राउटरच्या वजनाने पेटी मध्ये लवते आणि फळी मध्यभागी खोलगट होते. मोठी फळी असेल तर पट्ट्यांना बाहेरून लोखंडी अँगल लावा. तळाला मेणबत्ती घासली की गाडी लोण्यासारखी सरकते.

राउटर अर्धा इंची कॉलेटचा (बिट पकडणाऱ्या चिमट्याचा) आणि वेग कमी-जास्त करता येणारा हवा. बिट सपाटीकरणाचं, कार्बाइड पात्यांचं, दीड ते दोन इंच व्यासाचं. इतकं रुंद बिट पूर्ण वेगाने फिरवायचं नाही, दहा-बारा हजार फेरे पुरेत, आणि बिटावर लिहिलेली मर्यादा ओलांडू नका. पाव इंची छोटा ट्रिमर असेल तर इंचाचं बिट लावून तोही चालतो, पण मग संध्याकाळपर्यंत बसायची तयारी ठेवा.

फळी मध्ये ठेवा. डगमगते तिथे पाचरी, आणि पाचरी गरम गोंदाने किंवा दुहेरी चिकटपट्टीने पायाला पक्क्या. चारही बाजूंना ठोकळे स्क्रू करून फळी अडकवा, ठोकळे बिटाच्या पातळीपासून चांगले खाली. आता सर्वांत उंच जागा शोधून बिट तिथे नुसतं टेकवा आणि तिथून दीड मिलीमीटर खाली करा. एका थराला एवढंच. लोभ केला तर राउटर गुरगुरतो, लाकूड करपतं आणि कड फुटते.

कापायची दिशा नीट समजून घ्या. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. तुम्ही राउटर स्वतःपासून दूर ढकलत असताना न कापलेलं लाकूड तुमच्या डाव्या हाताला असलं पाहिजे. म्हणजे फळीच्या उजव्या टोकापासून सुरुवात करायची, ढकलताना कापायचं, त्याच वाटेने रिकामा परत आणायचा, मग गाडी बिटाच्या दोन तृतीयांश रुंदीएवढी डावीकडे सरकवायची. राउटर आपणहून पुढे पळायला लागला तर समजा दिशा उलटी आहे. थांबा. सहा फुटी फळीला दोन इंची बिटाने एका थराला पन्नासच्या वर फेऱ्या होतात. चार मिलीमीटर काढायचे तर तीन थर. कंटाळा येतो, पण कंटाळ्यातच हात चुकतो, म्हणून प्रत्येक थरानंतर राउटर बंद करून भुसा झाडा.

एक बाजू झाली की फळी उलटा. आता खाली सपाट बाजू आहे, तेव्हा पाचरी काढून टाका. पायावर भुशाचा कणही राहू देऊ नका. रूळ तेच, उंची कमी करून दुसरी बाजू त्याच पद्धतीने.

भुशाबद्दल. लाकडाच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसाला कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तोंडाला रुमाल पुरत नाही. नाकावर घट्ट बसणारा एन-९५ मास्क, डोळ्यांवर चष्मा, कानांना बोळे. आंब्याच्या भुशाने काहींच्या अंगाला खाज सुटते, तेव्हा काम झाल्यावर लगेच आंघोळ. आणि दमट हवेत, ओल्या जमिनीवर मशीन चालवायचं असेल तर अर्थिंग चांगलं आणि ईएलसीबी (वीज गळली की प्रवाह तोडणारा स्विच) लावलेलं कनेक्शनच वापरा.

दुसऱ्याकडून करून घ्यायचं असेल तर

देव्हारे आणि दारांवर नक्षी कोरणाऱ्या सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनची दुकानं आता तालुक्याच्या गावांतूनही आली आहेत. त्यांचं टेबल सहसा चार बाय आठ फुटांचं. तिथे जाऊन नक्षी नको, फक्त दोन्ही बाजू सपाट करून द्या असं सांगायचं. त्यांच्याकडे टेबलाचा तळ सपाट करायचं रुंद बिट असतंच. पाचरी मात्र स्वतः बसवून द्या किंवा समोर उभे राहून बसवून घ्या. टेबलातला निर्वात पंप वाकडी फळी दाबून धरतो आणि काम झाल्यावर ती परत उसळते, थिकनेस प्लॅनरसारखंच. माझ्या मते ज्याच्याकडे एकच फळी आहे आणि रंध्याचा शौक नाही, त्याने सरळ हे करावं.

रुंद पट्ट्याचा सँडर दार-फर्निचरच्या मोठ्या कारखान्यांत असतो, तीन-चार फूट रुंदीचा. तो फळी खालच्या बाजूवर टेकवून वरून घासतो, म्हणून एक बाजू आधी सपाट असेल तरच कामाचा.

आणि काकांचा मार्ग, मधून चिरून जोडण्याचा? फळीच्या मधोमध गाभ्याचं केंद्र आलेलं असेल तर तो मार्गच बरा. तिथे भेग जाणारच, आज नाही तर पुढच्या थंडीत. मधली दीड-दोन इंचांची पट्टी काढून टाका आणि दोन्ही भाग त्याच क्रमाने, रेषा जुळवून जोडा.

सपाट झाल्यावर

आता माझी चूक. राउटरने दोन्ही बाजू केल्या, रात्र झाली म्हणून फळी तशीच सारवलेल्या खळ्यात आडवी ठेवली आणि जेवायला गेलो. सकाळी पट्टी लावली तर मधोमध सूतभर फट. खालच्या बाजूने रात्रभर जमिनीची ओल घेतली, वरची बाजू वाऱ्याने सुकली, आणि फळी वाटीसारखी झाली. नवी कापलेली बाजू फार लवकर ओल घेते आणि सोडते. नशिबाने ती भिंतीला उभी ठेवल्यावर तीन-चार दिवसांत बरीचशी परत आली.

म्हणून कापलेली फळी कडेवर उभी, दोन्ही बाजूंना वारा. मी आता दोन्ही बाजूंनी सारखंच लाकूड काढतो, मिलीमीटरभर जाडी राखून आठवडाभर थांबतो आणि मग शेवटचा हात मारतो. आतला ताण मोकळा झाल्यावर फळी जी थोडी हलायची ती या आठवड्यात हलते.

राउटरच्या खुणा उरतात, पायऱ्या नाही पण रेषा. धारदार रंधा उभा, केसभर पात्याने. उलट्या रेषांवर स्टीलचं स्क्रेपर. जुने सुतार यासाठी फुटक्या काचेची ताजी कड वापरत, आणि ती आजही उत्तम खरवडते, फक्त हातमोजा घाला. मग पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, एकही नंबर न वगळता. संध्याकाळी दिवे घालवून बॅटरीचा उजेड फळीवर तिरपा टाका. दुपारी जी गुळगुळीत वाटत होती तिच्यावर सगळ्या खुणा उभ्या राहतात.

तेल किंवा पॉलिश दोन्ही बाजूंना आणि टोकांना सारख्याच हातांचं. वरची बाजू चकचकीत आणि खालची कोरडी ठेवली तर ओलावा एकाच बाजूने येजा करतो आणि पन्हाळ परत येते. काजूच्या टरफलांचं तेल लाकूड जपायला आपल्याकडे होड्यांनाही लावतात, पण ते अंगाला लागलं तर भाजल्यासारखं होतं आणि लाकूड काळं पडतं. झोपाळ्याला नको. फणसाचा पिवळा रंग उजेडात काही महिन्यांत मधासारखा आणि पुढे तांबूस तपकिरी होतो, तेव्हा सुरुवातीलाच रंगाचं पॉलिश लावून त्याला झाकू नका.

शेवटचं, खालच्या आडव्या पट्ट्या. एवढ्या रुंद फळीला त्या हव्यातच, पण गोंदाने चिकटवायच्या नाहीत. बावीस इंची फळी थंडी-पावसाळ्यात रुंदीत दोन-चार मिलीमीटर कमी-जास्त होते. तिला अडवलं तर ती फाटते. पट्टीतलं मधलं भोक स्क्रूच्या मापाचं ठेवा आणि दोन्ही टोकांकडची भोकं फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट, कानस फिरवून. स्क्रूखाली वॉशर. झोपाळ्याच्या कड्यांचे बोल्ट याच पट्ट्यांतून आणि फळीतून आरपार जातील अशी जागा धरा, फळीच्या टोकापासून निदान चार इंच आत, आणि फळीतलं भोक बोल्टपेक्षा सूतभर मोठं.